तीन लेन्स आणि एक रिकामा खिळा

आमच्या छायाचित्रण मंडळात कोणी फोटो दाखवला की फोटोकडे बघायच्या आधी सगळे एकच विचारतात, "लेन्स कुठली?" समोर वाघ असो, नाहीतर स्वतःचा नातू असो. लेन्सचं नाव भारी निघालं तर माना डोलतात. हलकं निघालं तर कोणीतरी चहाचं बघायला उठतं. आम्ही बहुतेक सगळे निवृत्त. आयुष्यभर साहेब म्हणाले तिकडे बघितलं, आता आपल्या मर्जीने बघायचं, तर ते किती मिलिमीटरमधून बघायचं यावर आमचे वाद होतात. आमच्या अध्यक्षांकडे अकरा लेन्स आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागू नये म्हणून ते घरी बसतात, हिवाळ्यात धूळ बसू नये म्हणून, आणि उन्हाळा त्यांना स्वतःला सोसत नाही. त्यामुळे फोटो काढायला त्यांना तसा वेळ मिळत नाही.

माझ्याकडे तीनच. एक लांब, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढी, दूरचं जवळ आणणारी. दुसरी रुंद, खोलीच्या दारात उभं राहून चारही भिंती दाखवणारी. आणि तिसरी नवी, पंच्याऐंशी मिलिमीटरची, खास चेहऱ्यांसाठी. तिची करामत अशी की माणसाच्या डोळ्यावर नेम धरला की पापणीचा केस न् केस दिसतो आणि मागचं सगळं जग लोण्यासारखं वितळून जातं. मागे रद्दीचं दुकान असलं तरी रंगपंचमी वाटते. मंडळात या वितळण्याला फार मान आहे. चौथी एक आहे, कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेली, ती मी धरत नाही. ती मंडळात बाहेर काढली तर लोक आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात बोलायला लागतात.

सोलापूरकडचा प्रवास निघाला तो सुमंगलाताईंमुळे. त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, शाळेत गणित शिकवतात. माहेर मैंदर्गीचं, अक्कलकोटच्या पुढे, जिथून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांचे वडील आप्पा आणि आई अव्वा दोघंच असतात. एका संध्याकाळी त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "काका, माझ्या आईचा एक फोटो काढून द्याल?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. आप्पांनी स्वतःचा भिंतीवर लावायचा फोटो सहा वर्षांपूर्वीच काढून, फ्रेम करून टांगून ठेवला आहे. आपल्यामागे पोरांची धावपळ नको म्हणून. शेजारी अव्वांसाठी एक खिळा ठोकला. तो अजून रिकामा आहे. अव्वा एकट्या कधी फोटोला उभ्या राहत नाहीत, आणि चारचौघांत राहिल्या तर मागे राहतात. सुमंगलाताईंच्या लग्नाच्या अख्ख्या अल्बमात आई म्हणून एका पदराचं टोक आणि वाढणारा एक हात आहे.

"उद्या काही झालं तर त्या खिळ्यावर आधार कार्डाचा फोटो मोठा करून लावायची वेळ येऊ नये. एवढंच," त्या म्हणाल्या.

आधार कार्डावर मी स्वतः पोलिसांना हवा असलेला इसम दिसतो, त्यामुळे मला त्यांचं दुःख लगेच कळलं. शिवाय, खोटं कशाला बोलू, मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाचा विषय 'चेहरे' होता. मी म्हणालो, "असा फोटो काढतो की मंडळ उभं राहील."

"मंडळाचं राहू द्या काका. आई दिसली म्हणजे झालं."

अकलूज

गाडी वैजू चालवते. वैजू म्हणजे माझी बायको. मला चालवता येते, पण मांडीवर लेन्स असताना गिअर कसा टाकणार? लेन्स मागच्या सीटवर ठेवायच्या तर तिथे कॅमेऱ्याचं तीन पायांचं स्टँड असतं.

थेट मैंदर्गीला न जाता वाट वाकडी करून अकलूजला थांबायचं मीच ठरवलं होतं. पौषातली पौर्णिमा, साखर कारखान्याचा हंगाम, आणि माझी लांब लेन्स. कारखान्याच्या धुराड्यामागून उगवणारा भलाथोरला चंद्र मला हवा होता. आता यात एक गंमत आहे. चंद्र मोठा दिसायला हवा तर धुराड्यापासून लांब जावं लागतं. जितकं लांब जाल तितकं धुराडं लहान होतं, चंद्र मात्र आहे तेवढाच राहतो, मग लांब लेन्सने दोघांना ओढून आणलं की ते खांद्याला खांदा लावून उभे राहतात. म्हणून मी दोन-अडीच किलोमीटर पश्चिमेला, उसाच्या फडाशेजारच्या बांधावर स्टँड मांडलं. वैजूला थोडं पुढे उभं केलं. उजेड बघायला मी नेहमी तिलाच उभं करतो. खांद्यावर बॅगा घेऊन ती उभी राहते, मी दोन-चार फोटो काढतो, उजेड जमला की ते पुसून टाकतो.

पाच मिनिटांत सायकलवरून शेताचे मालक आले. डोक्याला मफलर, हातात विळा. स्टँडकडे, त्यावरच्या नळकांड्याकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "मोजनी हाय व्हय?"

"नाही हो. फोटो काढतोय."

"सगळी आदी आसंच म्हंत्यात. रस्ता कुटनं जानार हाय त्येवडं सांगा."

मी समजावेपर्यंत आणखी चौघं जमले. बातमी फडातून फडात गेली होती. एकाने आपलं डाळिंब वाचवायची विनंती केली. दुसऱ्याने हलक्या आवाजात सुचवलं की रस्ता न्यायचाच असेल तर समोरच्याच्या विहिरीवरून न्यावा, तिला तसंही पाणी नाही. समोरचा तिथेच उभा होता. शेवटी मी फोनवरचा चंद्रोदयाचा नकाशाच दाखवला आणि सांगितलं की मी पुण्याहून चंद्राचा फोटो काढायला आलोय.

मालकांनी आभाळाकडे बघितलं. चंद्र अजून यायचा होता.

"पुन्यात उगवत न्हाय व्हय?"

वैजू खोकल्याचं निमित्त करून गाडीकडे गेली.

चंद्र वेळेवर आला. तांबूस, वाटोळा, धुराड्याच्या अगदी पाठीला पाठ लावून. मधल्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर गाणी लावून उभा राहिला आणि माझा अर्धा चंद्र त्याच्या उसामागे गेला, पण तोवर हवा तो फोटो मिळाला होता. मी मालकांना दाखवला. त्यांनी फोटो बघितला, मग खरं धुराडं बघितलं, मग परत फोटो.

"ही दोगं येवडी जवळ कवा आली?"

"आली नाहीत. लांबून काढलं की पुढचं-मागचं जवळजवळ दिसतं."

"म्हंजी तुमी लांब हुबं ऱ्हायला म्हनून ती एकमेकाला चिकटली."

"अगदी बरोबर."

"आमच्या भावकीचं तसंच हाय. लांबनं बगितलं की समदी एकत्र दिसत्यात."

आमच्या मंडळात या विषयावर दीड तासाचं व्याख्यान झालं होतं, पडद्यावर आकृत्या दाखवून. एवढं स्पष्ट मला तिथे कळलं नव्हतं. निघताना त्यांनी आगटीत भाजलेला हुरडा हातावर चोळून दिला, सोबत गूळ. रस्ता नक्की येत नाही ना, हेही जाता जाता पुन्हा एकदा विचारून घेतलं.

सोलापूर

सोलापुरात रुंद लेन्सचा दिवस. मला यंत्रमागाची शेड हवी होती. लॉजच्या मॅनेजरने एका ओळखीच्या घरी पाठवलं. नरसय्याशेठ, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि मागावरच्या कामगाराशी हाताच्या खुणांची भाषा, कारण शेडमध्ये खटखटाट इतका की स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. आठ माग, टॉवेल आणि पंचे. घर शेडला लागूनच आहे, आणि घरातही सगळे मोठ्याने बोलतात. पहिली पाच मिनिटं मला वाटलं की आमच्या येण्यावरून भांडण चाललंय. नंतर कळलं की ते आम्हाला उप्पीट खाणार का असं विचारत होते.

शेड तशी लहान. दोन मागांच्या मधून आडवं चालावं लागतं. मी कोपऱ्यात पाठ टेकवून रुंद लेन्स लावली. नरसय्याशेठ डाव्या कडेला आणि वैजू उजव्या कडेला, अशी उभी केली. फोटो बघून शेठ थक्क झाले. आठ मागांची त्यांची शेड विमानतळाएवढी दिसत होती. मागांची रांग दूरवर निमुळती होत गेली होती आणि शेवटचा माग जणू विजापुरात होता.

"इक्कड रा," त्यांनी घरात हाक मारली. बायको आली, तिने बघितलं, आणि तेलुगूत काहीतरी मोठ्याने बोलली. शेठनी आम्हाला मराठीत सांगितलं, "ती म्हनते, एवढी जागा होती तर मला स्वयंपाकघर का वाढवून दिलं न्हाय?"

रुंद लेन्सचा एक दोष आहे. मधली माणसं ठीक दिसतात, कडेची ताणली जातात. शेठचं डोकं पपईसारखं बाहेरच्या बाजूला लांबलं होतं. ते त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मग ते म्हणाले, "साहेब, मला तेवढं काडून टाका की. शेड ऱ्हाऊ द्या. जावयाला पाठवतो."

वैजूनेही स्वतःला बघितलं होतं. "मी इतकी जाड आहे?"

"नाही गं. कडेला उभं राहिलं की असं होतं. लेन्सचा गुणच आहे तो."

"मग मला दर वेळी कडेलाच का उभं करता?"

शेठनी निघताना एक पंचा भेट दिला तेव्हा तो मी घाईघाईने तिच्याच हातात दिला.

दुपारी एका खानावळीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. आमच्याकडे भाकरी मऊ नसली तर बाईला बोलणी बसतात. इथे भाकरी वाजली नाही तर खानावळवाल्याला बसतात. ती दह्यात किंवा आमटीत मोडून भिजवायची असते हे शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मला सांगितलं, पण मी एका दाढेचं नुकसान करून घेतल्यावर. त्याच चटणीच्या तेलकट बोटांनी मी पंच्याऐंशीच्या लेन्सचं झाकण काढलं आणि काचेवर अंगठा उमटवला. मंडळात शिकवलेल्या पद्धतीने ती पुसायला सव्वा तास गेला. वैजूने तेवढ्यात चादरींची दोन दुकानं उरकली.

मैंदर्गी

अक्कलकोट सोडलं की पाट्यांवर कानडी दिसायला लागते. रस्ता विचारला मराठीत, उत्तर आलं कानडीत, हाताची खूण मात्र दोन्हीकडची एकच. बाजारपेठेत आप्पांचं कापडाचं छोटं दुकान आहे. दुकान बंद करून ते आमच्यापुढे सायकल हातात धरून चालत घरापर्यंत आले. उंच, ताठ, धोतर-सदरा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा.

"बर्री, बर्री," दारातून अव्वा म्हणाल्या. म्हणजे या, या. ठेंगण्या, इरकली लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला, आणि चेहरा असा की त्यावरची प्रत्येक सुरकुती हसून पडलेली आहे हे लगेच कळावं. मी मनात पंच्याऐंशीची लेन्स लावूनसुद्धा टाकली.

समोरच्या भिंतीवर आप्पांचा तो फोटो होता. स्टुडिओवाल्याने त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर घातले होते. धोतर नेसलेले आप्पा आणि मागे बर्फ. शेजारी तो खिळा. सध्या त्यावर अव्वा आपली औषधांची पिशवी अडकवतात.

जेवायला एण्णेगाई होती. भरल्या वांग्याचं हे तिकडचं रूप, तेलात आणि शेंगदाण्यात पोहत असलेलं. सुमंगलाताईंनी मला एक कानडी शब्द शिकवून पाठवला होता, 'साकु', म्हणजे पुरे. तो त्या घरात चालत नाही. मी साकु म्हणालो की अव्वा कौतुकाने हसत आणि आणखी एक वांगं वाढत. आमच्याकडे पुरे म्हटलं की वाढणारा लगेच ऐकतो. कधीकधी म्हणायच्या आधीच ऐकतो.

चार वाजता उजेड सोन्यासारखा झाला. मी दोघांना घरासमोरच्या कट्ट्याशी बोलावलं. आधी अव्वांना एकट्यांना म्हणून बघितलं.

"बेडा," त्या म्हणाल्या, म्हणजे नको. "मी एकटी कशाला की? ह्यांचा काडा."

मग दोघांचा. आप्पा काठी टेकून उभे राहिले आणि अव्वा त्यांच्या एक पाऊल मागे, डाव्या खांद्याशी. मी म्हणालो, "अव्वा, जरा पुढे या." त्या अर्धं पाऊल पुढे आल्या. मी डोळा लावला तेवढ्यात परत मागे गेल्या. असं चार वेळा झालं. वैजू त्यांना हाताला धरून पुढे घेऊन आली. वैजू बाजूला झाली की अव्वा मागे. पन्नास वर्षांची सवय होती, तिला माझ्या सांगण्याने काय होणार?

शेवटी मी म्हटलं, राहू दे. अव्वा त्यांच्या जागी, आप्पा त्यांच्या जागी. मागचं वितळावं म्हणून लेन्सचं भोक पूर्ण उघडलं, आप्पांच्या डोळ्यावर नेम धरला आणि चाळीस फोटो काढले. प्रत्येक फोटो कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर मोठा करून तपासला. मंडळात शिकवतात तसा, म्हणजे जवळच्या डोळ्याची पापणी स्वच्छ आली की नाही एवढंच बघून. पापणी स्वच्छ होती. स्कूटर, वाळत घातलेलं धोतर, कॅलेंडर, सगळं वितळलं होतं. प्रदर्शनात हा फोटो कुठल्या भिंतीवर लागेल हेसुद्धा मी ठरवलं.

दिवेलागणीला लॅपटॉप उघडून मी तो सगळ्यांना दाखवला. आप्पा खूश झाले. मिशीचे केस मोजता येत होते, विभूतीचा कण न् कण दिसत होता. "झकास हाय," ते म्हणाले. "बर्फापरीस बरा हाय."

अव्वा पुढे येऊन वाकल्या. आप्पांच्या खांद्यामागे त्यांनी स्वतःला शोधलं. तिथे एक चेहरा होता, पण त्याला कडा नव्हत्या. तांबडं कुंकू पसरून लिंबाएवढं झालं होतं आणि त्याखाली नाकडोळे दुधात पडल्यासारखे. अव्वांनी पदराच्या टोकाने पडदा पुसला. पुन्हा बघितलं. मग स्वतःचा उजवा डोळा पुसला. मग एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा.

"मागल्या साली ह्या डोळ्याचं आपरेशन झालं," त्या आप्पांना म्हणाल्या. "आता ह्यो दुसरा पन गेला वाटतं की. माझं मलाच दिसत न्हाय."

"उद्या अक्कलकोटला डॉक्टरला दावू," आप्पा म्हणाले.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मंडळ, प्रदर्शन, लोणी, सगळं एकदम आठवलं आणि मी नुसता लॅपटॉप मिटला. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मला माझी इतकी लाज क्वचितच वाटली आहे. माझ्या चुकीचा दोष अव्वांनी न विचारता स्वतःच्या डोळ्यावर घेतला होता आणि वर त्या मलाच म्हणत होत्या, "फोटो लई चांगला आलाय साहेब."

वैजू अंगणात माझ्या शेजारी येऊन बसली. "त्यांना उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतायत," ती म्हणाली. "तुमच्या लोण्यापायी." एवढं बोलून ती आत भांडी पुसायला गेली.

मैंदर्गी, दुसरी सकाळ

सकाळी आप्पांनी दुकान बंद ठेवायचं ठरवून शेजाऱ्याची जीपसुद्धा सांगून ठेवली होती. अव्वा चप्पल घालून, औषधांची पिशवी खिळ्यावरून काढून तयार होत्या. मी दोघांना बसवलं आणि सांगितलं, "अव्वांच्या डोळ्याला काही झालेलं नाही. चूक माझ्या लेन्सची आहे. म्हणजे माझी."

अव्वांचा विश्वास बसेना. "येवडी मोठी काच हाय. ती कशी चुकंल?"

मी त्यांना पंच्याऐंशीची लेन्स दाखवली. ही एकाच अंतरावरचं स्वच्छ दाखवते, एक पाऊल मागे असलेलं माणूससुद्धा पुसून टाकते, आणि मला ते माहीत होतं, पण मी बघितलंच नाही, असं सगळं सांगितलं. आप्पा ऐकत होते. कापड दुकानदाराच्या पद्धतीने त्यांनी धोतराचं टोक नाकाजवळ धरलं.

"कापड असं धरलं की सूत दिसतंय, पर समोरचं गिऱ्हाइक दिसत न्हाय. तसं हाय व्हय?"

"अगदी तसंच."

"मंजी हिचा डोळा बरा हाय."

"हो."

"मग जीप फुकट नगं जायाला. तुमालाच दावून आणू की डॉक्टरला."

आधी वैजू हसली, मग अव्वा पदर तोंडाला लावून. मी म्हणालो की मला आणखी एक संधी द्या, आणि बॅगेत शोधायला लागलो. तिन्हींपैकी एकही लेन्स मला नको होती. एक लांबच्यांना चिकटवणारी, एक कडेच्यांना ताणणारी, एक मागच्यांना पुसणारी. तेव्हा वैजूने आपल्या पिशवीतून नरसय्याशेठचा पंचा काढला आणि उलगडला. आत फुकटची लेन्स होती.

"निघताना तुम्ही बाहेर काढून ठेवली होतीत. मी घेतली. काय जागा लागते तिला?"

मी ती लावली. तिचं भोक एवढं बारीक केलं की पुढचं-मागचं सगळंच स्वच्छ यावं. स्कूटर हलवायला निघालो तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की. घरात हाय ते दिसू दे." मग म्हटलं, धोतर आणि कॅलेंडरही राहू दे. अव्वा पुन्हा आपल्या जागी, एक पाऊल मागे.

"आता तिथेच राहा, अव्वा," मी म्हणालो. "या लेन्समध्ये दोघंही येता. कुणी हलायची गरज नाही."

मी डोळा लावला. आणि आप्पा हलले. काठी उचलली, मागे न बघता एक पाऊल मागे आले आणि अव्वांच्या शेजारी उभे राहिले.

"आप्पा, खरंच गरज नाही. काचेत दोघंही दिसताय."

"काचेसाटनं न्हाय," आप्पा म्हणाले. "ती म्होरं येत न्हाय तर मीच येतो की मागं. किती दीस उबं ऱ्हायाचं एकट्यानं?"

अव्वा दचकल्या. शेजारच्या दोन बायका दारात उभ्या होत्या. "मंदी नोडतार," त्या दबक्या आवाजात रागावल्या. लोक बघतायत, असं. पण हटायला जागा नव्हती, मागे कट्टा होता. त्यांनी एकदा आप्पांकडे डोळे मोठे करून बघितलं, मग हनुवटी वर करून सरळ माझ्याकडे. मी बटण दाबलं. चाळीस नाही काढले. एकच काढला.

निघताना अव्वांनी वैजूच्या हातातला फोन मागितला. "आता तुमी दोगं उबं ऱ्हावा. मी काडते. डोळा चांगला हाय म्हनला न्हवं तुमी?" त्यांना कुठलं बटण दाबायचं ते वैजूने दाखवलं. आम्ही गाडीजवळ उभे राहिलो. अव्वांनी काढला.

पुणे

सुमंगलाताईंनी फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला. "अशीच रागावते ती," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायला लागल्या. वैजूने त्यांना पाणी दिलं.

मंडळात प्रदर्शनासाठी मी तोच फोटो ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, "लेन्स कुठली?" मी सांगितलं. दोघं चहाचं बघायला उठले. निकालाच्या कागदावर लिहून आलं की पार्श्वभूमीत स्कूटर, धोतर आणि कॅलेंडर लक्ष विचलित करतात, आणि दोन व्यक्तींपैकी मुख्य कोण हे ठरत नाही. फोटो परत आला. अकलूजचा चंद्र मात्र लागला आहे, जिन्याजवळ.

आठवड्याने आप्पांचा फोन आला. फ्रेम पोचली होती. रिकाम्या खिळ्यावर लावलीत का, असं मी विचारलं. ते म्हणाले की बर्फाचा फोटो त्यांनी काढून कपाटावर ठेवला, दोन्ही खिळे उपसले आणि मध्यभागी एकच नवा ठोकला. औषधांची पिशवी आता खिडकीच्या कडीला असते.

मग एक दिवस मी माझ्या संगणकावर वैजूचा एखादा फोटो शोधायला बसलो. वीस वर्षांचा छंद आहे माझा. उजेड बघायला काढलेले सगळे मी पुसून टाकले होते. उरले ते शेडमधल्या कडेचे, ताणलेले. आणि एक अव्वांनी तिच्या फोनवर काढलेला. जरा तिरका आहे, माझी टोपी वरून कापली गेली आहे. पण फोनची लेन्स साधी, तिच्यात पुढचं-मागचं सगळं सारखंच स्वच्छ दिसतं. मी पुढे, हात कमरेवर ठेवून, छाती काढून. वैजू माझ्या एक पाऊल मागे. तिच्या दोन्ही खांद्यांवर माझ्या बॅगा आणि काखेत स्टँड.

वैजूने तो फोनच्या पडद्यावर लावला आहे. दुसरा काढू आणि तो लाव, असं मी दोनदा म्हणालो.

"राहू दे," ती म्हणते. "सगळं कसं नीट दिसतंय त्यात."